माठापाशी ठेवलेली बॅटरी

गोंडपिपरीच्या बाजारात पैसे घेऊन मोबाइल चार्ज करून देणाऱ्या वाजिदला आपल्या गिऱ्हाइकांची किळस यायची. खेड्यांत लोडशेडिंग, म्हणून माणसं बाजाराच्या दिवशी फोन त्याच्या टपरीत टाकून जात आणि भाजी घेऊन परतताना उचलत. कोणी तो चुलीशेजारी ठेवलेला, कोणी पार मरेपर्यंत वापरलेला, कोणी रात्रभर लावून बॅटरी फुगवलेली.

"पुरी उतरू देऊ नका, गच्च भरू नका, गरमीत ठेवू नका. येवढं बी डोस्क्यात शिरत नाई काऊन?" तो खेकसायचा. स्वतःचा फोन मात्र दिवसरात्र वायरला लटकलेला असायचा. त्याची बॅटरी कधीच कामातून गेली होती.

त्याचं ऐकायची ती एकटी रुखमाबाई. तिचा नवरा देवराव उन्हाळ्यापासून खाटेवर होता. त्याचा फोन ती माठापाशी गारव्याला ठेवायची आणि पडद्यावर बॅटरीच्या दोन दांड्या उरल्या की चार्जिंगला आणायची.

"फोन उतरला का हे बी उतरते, भाऊ," ती एकदा म्हणाली. "एक दांडी राह्यली का त्यायले कूस बदलता येत नाई."

वाजिद तोंडावर हसला. असल्या अडाण्यांशी बोलणं म्हणजे डोकेफोड.

तिची बॅटरी मात्र जुनी असून नव्यासारखी होती, आणि दोघांचे फोन एकाच बनावटीचे. एका बाजारी वाजिदनं ती काढून आपल्या फोनात घातली आणि आपली मेलेली तिच्या फोनात सरकवली. बाईला काय कळणार होतं?

तो आठवडा त्याला गळून गेल्यासारखं वाटलं. ऊन लागलं असेल, म्हणून त्यानं सोडून दिलं.

पुढच्या बाजारी तो टपरीवर आला तेव्हा बाकावर देवराव बसलेला. पाय काटक्यांसारखे, गुडघ्यापर्यंत धूळ.

"तुमी कसे आले, भाऊ?"

"मालूम नाई. इथी बरं वाटते."

वाजिदचं डोकं फिरलं. चोरी पकडायला बायकोनंच पाठवला असणार. बॅटरी लपवावी म्हणून त्यानं आपला फोन उलटा करून ती उपसली.

"मले जरा पा..." देवराव म्हणत होता.

आणि थांबला. तोंड उघडं, डोळे उघडे. ओठावर माशी बसली. ती त्यानं हाकलली नाही.

वाजिदच्या बोटांना बॅटरी परत बसवता येईना. शेवटी बसली. त्यानं बटण दाबून धरलं. पडदा उजळला.

"...णी देता का?" देवराव म्हणाला.

तेवढ्यात रुखमाबाई धापा टाकत आली. तिनं आपला फोन टेबलावर ठेवला.

"यातली बॅटरी तुमची हाये. मी घरी गेल्यावरच वळखली. आमची द्या."

त्यानं ती काढून दिली. तिनं आपला फोन उघडून आतली उपसली. पुढचं वाजिदला दिसलं तेव्हा दोन्ही बॅटऱ्या आपापल्या फोनात होत्या आणि दोन्ही पडदे उजळले होते. देवराव उठून उभा राहिला.

"तुमची बी माठापाशीच ठेवली होती, यायच्याच जागी. आता तुमी बी तिच्यावरच," ती जाता जाता म्हणाली. "लोकायले शिकवता, आन स्वतःले ठेवता येत नाई."

वाजिदनं आपल्या फोनाकडे पाहिलं. एकच दांडी. चार्जरकडे हात न्यायला गेला, तो मांडीवरून उचलेना.

पंखा मंदावला. लाइट गेली.

"वाजिदभाऊ, चार्जिंग होते का?" दारातून कोणीतरी विचारलं.

त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. ओठावर माशी बसली.