मीठ जरा जास्त

दार ढकलून तो आत आला, तेव्हा धाकटी खोटं वाचत होती.

खोटं बोलणारी माणसं पैशाला पासरी मिळतात, खोटं वाचणारी विरळा. बोलणाऱ्याची जीभ कुठंतरी अडखळते, नजर इकडेतिकडे पळते. वाचणाऱ्याच्या हातात कागद असतो, त्यामुळं ऐकणाऱ्याला शंका येत नाही. त्यातून वाचणारी पोटची लेक असली, तर शंका यायची तरी कुठून?

दुकान लहानसं होतं. सात टेबलं, काचेचा काउंटर, आणि मागं उभ्या सळईवर फिरणारं मांस, ज्याचे पातळ काप काढून काका ते गरम पिटा ब्रेडमध्ये गुंडाळून द्यायचे. काही जण हा गायरो खायला यायचे, काही सँडविच, पण सगळ्यांना हवा असायचा तो बाबांच्या हातचा दह्याचा सॉस. काउंटरच्या टोकाला लाकडाची पेटी होती. गिऱ्हाइकांनी आपलं मत चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं, आणि दर शनिवारी दुपारची गर्दी ओसरली, की त्या सगळ्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या, असा बाबांचा नियम होता. “गिऱ्हाईक तोंडावर गोड बोलतं आणि कागदावर खरं,” ते म्हणायचे. अक्षरओळख झाल्यापासून वाचायचं काम धाकटीचं होतं. थोरली लग्न होऊन गेली, आई देवाघरी गेली, पण शनिवार चुकला नाही.

“‘गायरोचं मांस उत्तम,’” धाकटी वाचत होती. “‘काप पातळ. दह्याचा सॉस…’”

ती क्षणभर थांबली. चिठ्ठीवर सरळ, टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं – सॉस खारट. लसूण फार. मीठ मोजून घालावं.

“‘…दह्याचा सॉस अप्रतिम. मीठ अगदी मोजून घातलेलं.’”

बाबांचा चेहरा खुलला. काकांनी मान डोलावली. आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसानं हातातली जड पेटी हळूच खाली ठेवली.

“वजनकाटा तपासायला आलोय,” तो म्हणाला. “मंगळवारी आलो होतो, तेव्हा काट्यात फरक होता. दुरुस्त करून ठेवा म्हणालो होतो.”

बाबा स्वयंपाकघरात गेले आणि धाकटी त्याला काट्यापाशी घेऊन गेली. त्यानं पेटीतून पितळी वजनं काढली. एकेक वजन तो दोन बोटांनी उचलायचा, ठेवायचा, काटा स्थिर होईपर्यंत थांबायचा. बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याच्या बाहीवरचं पाणी काउंटरवर टपकत होतं आणि तो ते दर वेळी रुमालानं पुसत होता.

“माझं अक्षर वाईट आहे का हो?” काट्यावरची नजर न काढता त्यानं विचारलं.

“म्हणजे?”

“नाही… मंगळवारी इथंच जेवलो होतो. चिठ्ठी टाकून गेलो. आत्ता ऐकली, तर ओळखूच आली नाही.”

तिनं एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

“बाबांना सांगू नका,” ती कुजबुजली. “थंडीत मोठा ताप आला त्यांना. तेव्हापासून… चव गेलीय, असं मला वाटतं. ते बोलत नाहीत. चमचा तोंडात घालतात, मान हलवतात आणि मूठभर मीठ टाकतात. चाळीस वर्षं या सॉसवर जगलेत हो ते. कुणी खारट म्हणालं, तर खचून जातील.”

त्यानं शेवटचं वजन पेटीत ठेवलं.

“मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं, तर खोटंही बोलणार नाही.”

“इतकं काय नाकासमोर चालायचं ते!”

“दिवसभर दुसऱ्यांचे काटे तपासतो,” तो म्हणाला. “स्वतःचा झुकून कसं चालेल?” आणि पहिल्यांदा तो हसला… अगदी थोडंसं, मोजून.

त्यानंतर काटेवाला – दुकानात त्याचं हेच नाव पडलं – मंगळवारी आणि शुक्रवारी जेवायला येऊ लागला. काटा तपासून झाला होता, शिक्का बसला होता. तरीही येत होता. आणि जाताना चिठ्ठी टाकत होता.

*ब्रेड गरम. काकडी ताजी. सॉस खारट. काउंटरवरची व्यक्ती थकलेली दिसते. आज बहुतेक जेवलेली नाही.*

धाकटीनं ती चिठ्ठी पेटीतून काढली आणि घडी घालून अॅप्रनच्या खिशात ठेवली. पुढच्या वेळी तो आला, तेव्हा ती चांगलीच तोऱ्यात होती.

“जेवणाबद्दल लिहायचं असतं त्यात. माणसांबद्दल नाही.”

“पेटीवर तर ‘आपलं मत’ एवढंच लिहिलंय.”

“मग चांगलं तरी लिहावं.”

“चांगलं असेल तेव्हा लिहीन की.”

त्या दिवशीच्या चिठ्ठीत होतं – *आज ती रागावली. राग छान दिसतो. सॉस अजून खारट.* धाकटीनं ती तीनदा वाचली आणि काकांनी बघायच्या आत खिशात टाकली. काकांनी अर्थातच बघितलं होतं. पण काका शहाणे; त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि सुरीला धार लावत बसले.

प्रेमात पडलेल्या माणसाला आपण पडलोय हे सगळ्यांत शेवटी कळतं. मंगळवारी सकाळी आपण केस पुन्हा विंचरतो, हे धाकटीला कळायला महिना लागला. दुकानात शिरताना तो आधी टेबल शोधत नाही, आपल्याला शोधतो, हे मात्र तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

पण सुख होतं तेवढंच. समोरच्या इमारतीतली कचेरीची माणसं आधी दहा यायची, मग सहा, मग दोन. दुपारी दारापर्यंत लागणारी रांग काउंटरपाशीच संपू लागली. एका शनिवारी चिठ्ठ्या ऐकून झाल्यावर बाबा कितीतरी वेळ बाहेर बघत बसले.

“सगळे चांगलं लिहितात,” ते म्हणाले. “मग माणसं जातात कुठं, पोरी?”

तिनं चिठ्ठ्या मुठीत गोळा केल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिची मूठ आता आवळून आवळून दुखायला लागली होती.

मग तो शुक्रवार आला. मास्तरीणबाई, दुकानाच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक, खिडकीपाशी बसल्या होत्या. शेजारच्या टेबलावर काटेवाला. धाकटीनं दोघांना ताटं नेऊन दिली आणि ती वळली, एवढ्यात मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काटेवाल्यानं मास्तरीणबाईंच्या हाताखालचं ताट चक्क ओढून घेतलं होतं.

“बाई, खाऊ नका.” मग काउंटरपाशी येऊन, अगदी हळू आवाजात, “दही नासलंय. वास घेऊन बघा.”

तिनं वास घेतला. ते दही कुणाच्याही नाकाला कळलं असतं… बाबांचं सोडून.

“काय झालं गं?” बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

“काही नाही, बाबा,” ती पटकन म्हणाली. “त्यांना… सॉस वेगळा हवाय.”

काटेवाला तिच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथं फक्त वाईट वाटणं होतं. बाबा आत वळल्यावर तो म्हणाला, “बाई आजारी पडल्या असत्या.”

“मला कळतं ते!”

“आजवर मी गप्प बसलो. पण यापुढं गप्प बसलो, तर तेही खोटंच. उद्या शनिवार आहे. लिहिलंय तसं वाचा.”

“तुम्हाला काय जातंय सांगायला? तुमचे वडील नाहीत ते!” तिचा आवाज चिरकला. “मोडतील ते. माणूस असा वजनासारखा उचलून ठेवता येत नाही हो. जा तुम्ही. नका येऊ परत.”

तो गेला. पैसे ठेवून, खुर्ची नीट आत सरकवून गेला. धाकटीनं सॉसचं भांडं मोरीत ओतलं आणि बाबांना सांगितलं की हातातून सटकलं. त्यांनी विश्वास ठेवला, आणि तेच तिला सहन झालं नाही.

शनिवारी ती चिठ्ठ्या घेऊन बसली. काका सुरी पुसत होते. बाबा नेहमीसारखे तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले, हात मांडीवर, कान तिच्याकडे.

“‘सॉस खारट,’” तिनं वाचलं.

बाबांनी मान वर केली.

“‘आधीची चव राहिली नाही.’” दुसरी चिठ्ठी. “‘सँडविच ठीक, सॉस तोंडात घालवत नाही.’” तिसरी. “‘तीस वर्षं येतेय. आज दही नासलेलं होतं. मालकांची तब्येत बरी आहे ना?’ ही मास्तरीणबाईंची आहे, बाबा. अशा आधीही येत होत्या. मी… मी बदलून वाचत होते.”

“कधीपासून?”

“तापापासून.”

काकांचा हात थांबला. सळई फिरवणारी मोटर तेवढी घरघरत होती. बाबा बोलले तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

“जीभ गेलीय, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” ते म्हणाले. “मीठ आणि साखर सारखीच लागायला लागली. तुला सांगितलं नाही. म्हटलं, पोर घाबरेल. म्हटलं, हाताला सवय आहे, हात चुकणार नाही. आणि चुकलाच तर शनिवारी कळेल. लोक लिहितील ना.” त्यांनी चिठ्ठ्यांवर हात ठेवला. “शनिवारची वाट बघायचो मी. या चिठ्ठ्या म्हणजे माझी जीभ होती, बाळा. तीसुद्धा तू काढून घेतलीस.”

धाकटी रडली. लहानपणी रडायची तशी, नाक वाहेपर्यंत रडली. बापानं तिला जवळ घेतलं नाही, पण उठूनही गेला नाही. एकाच घरात दोन माणसं एकमेकांना जपण्यासाठी एकमेकांपासून लपत होती, आणि त्यात चाळीस वर्षांचं दुकान बुडायला आलं होतं. जपणं म्हणतात ते असं, कधीकधी गळा आवळतं.

शेवटी बाबा उठले. आतून दह्याचं ताजं भांडं आणि चमचा घेऊन आले.

“चाख,” ते म्हणाले. “आणि लाज न बाळगता सांग.”

“मीठ कमी.”

“आता?”

“अजून थोडं… बास. लिंबू हवं.”

“लिंबू? मी लिंबू कधीच घालत नाही!”

“हवंय पण, बाबा.”

बाबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि लिंबू कापायला घेतलं.

त्यानंतर मंगळवार आला, काटेवाला आला नाही. शुक्रवार आला, तो आला नाही. मास्तरीणबाई आल्या, दोन मैत्रिणींना घेऊन आल्या. कचेरीतली चार माणसं परतली. चिठ्ठ्यांत सॉसबद्दल चांगलं येऊ लागलं आणि धाकटी ते जसंच्या तसं वाचू लागली. पण टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी त्यात नसायची. रोज दार वाजलं की तिची मान वर जायची. ‘नका येऊ’ हे आपलेच शब्द तिला रात्री झोपू देत नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी चारला, दार वाजलं. तोच होता. हातात वजनांची पेटी नव्हती.

“बसा,” ती म्हणाली. “जेवणार?”

“आधी सांगायचंय. माझा भाग बदललाय. नदीपलीकडची दुकानं दिलीत. मीच मागून घेतली.”

‘अरे वा, छान झालं,’ असं तिच्या ओठांवर आलं होतं. इतके महिने तिची जीभ हेच शिकली होती. तिनं ते गिळलं.

“मला वाईट वाटतंय,” ती म्हणाली. “फार वाईट. त्या दिवशी बोलले, ते चुकलं माझं. तुम्ही यायचात म्हणून मंगळवार आवडायचा मला. रागावून जात असाल तर… तसं सांगून जा.”

“रागावून?” तो गोंधळला. “छे. आमच्याकडे नियम आहे. ज्या दुकानात आपलं माणूस असेल, तिथल्या काट्यावर आपण शिक्का मारायचा नाही. तसा अर्ज द्यावा लागतो. मी दिला. भाग बदलून मिळाला, पण अर्ज परत आला. साहेब म्हणाले, एक रकाना रिकामा आहे, भरून आणा.”

त्यानं खिशातून कागद काढून काउंटरवर पसरला. सगळीकडे तेच सरळ, टपोरं अक्षर. तळाशी एकच ओळ कोरी होती.

“चार दिवस घेऊन फिरतोय,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “खोटं लिहायला हात उठत नाही. आणि खरं लिहायचं तर… ते माझ्या एकट्याचं नाही.”

“काय आलंय गं?” बाबांनी आतून विचारलं. “मोठ्यानं वाच की.”

धाकटीनं कागद उचलला.

“‘सदर दुकानाशी असलेला संबंध,’” तिनं वाचलं.

“पुढं?”

पुढं काहीच लिहिलेलं नव्हतं. तिनं मान वर करून काटेवाल्याकडे पाहिलं. तो श्वास रोखून उभा होता.

“‘दुकानातल्या मुलीवर माझं प्रेम आहे,’” ती सावकाश, एकेक शब्द वाचत गेली. “‘आणि तिचंही माझ्यावर आहे.’”

आत भांड्यात फिरणाऱ्या डावाचा आवाज थांबला. काकांनी सळई बंद केली. काटेवाल्यानं तिच्या हातातून कागद घेतला, खिशातलं पेन काढलं, आणि तिनं वाचलं होतं ते, एक अक्षरही न बदलता, लिहून टाकलं.