शेऱ्याचा रकाना

अकोल्यात भर दुपारी कूलरसमोर बसून शाहीन तेल्हाऱ्याकडच्या पडक्या विहिरींची यादी नीटनेटकी करत होती. धोक्याच्या विहिरी बुजवणाऱ्या एका संस्थेचं ते काम. यादी महिन्याभरापूर्वीची होती. रकाने हाताने ओढून रुंद करत बसायचा शाहीनला कंटाळा. म्हणून तिने रुबी या संगणकभाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. प्रत्येक रकान्यातला सगळ्यांत लांब मजकूर शोधायचा आणि रकान्याला तेवढी रुंदी द्यायची, एवढंच तिचं काम.

सगळे रकाने नीट बसले. ‘शेरा’ तेवढा पडद्याबाहेर गेला. त्यात तर नुसतं ‘कोरडी’ नाहीतर ‘पडकी’ लिहिलेलं... तिने स्क्रिप्ट पुन्हा चालवली. रकाना आणखी रुंद झाला.

मग तिने तो लांब मजकूरच छापायला लावला. एक ओळ उमटली.

विहीर सदतीस. आत बाई आहे. जिवंत आहे. माती टाकू नका.

शाहीनने यादी उघडून सदतिसावी ओळ पाहिली. तिथे फक्त ‘कोरडी’ होतं. कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात आता कसलीतरी कुबट, कोंडलेली हवा मिसळली होती. तिने विहिरींची पाहणी करणाऱ्या सूर्यभानला फोन लावला.

“सूर्यभानभाऊ, सदतीस नंबरात कोणी उतरलं काय?”

“नाही ना ताई. मुरमाचा ट्रॅक्टर लावून राहिलो तिथंच. काहून?”

“थांबवा! आधी वाकून पाहा... मले येडी म्हना, पण पाहा.”

फोन चालूच होता. चपलेखाली खडे करकरले. सूर्यभानने हाक दिली. आणखी वाकून पुन्हा दिली. मग खोलवरून, सुकल्या गळ्यातून... “ओ...”

माणिकबाई होती ती. शेळी शोधताना आदल्या संध्याकाळी पाय घसरला होता. दोराने खाट सोडून तिला वर काढलं. पाय मोडला होता, पण जीव वाचला.

दिवेलागणीला सूर्यभानचा दवाखान्यातून फोन आला. आवाज अगदी खाली.

“ताई, बाई सारखी इचारते, तिले काढलं काय म्हून.”

“कोनाले?”

“रातभर जिनं हात धरून ठेवला, तिले... आमी टॉर्च मारून समदा तळ पाह्यला. कोनी नाही. विहीर कोरडी ठाक आहे ना ताई... पण बाईचं मनगट ओलंच आहे. नर्सनं तीनदा पुसलं.”