पुसलेल्या काठ्या

विश्वास ठेवा असा आग्रह नाही. पण हे माझ्या सख्ख्या ताईच्या घरात घडलंय, आणि शेवटी मी स्वतः तिथे उभा होतो. तिखटमीठ लावून सांगायची ही गोष्टच नाही.

रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती.

ताईची कामाची खोली मात्र अंधारी. जाड पडदे, राखाडी भिंती, एक मोठा स्क्रीन. बाहेरचा उजेड आला की फोटोतले रंग फसवतात, म्हणून. भाऊजी खाडीकाठच्या दलदलीचे फोटो काढतात, ताई ते घडवते. एकाच जागेचे लागोपाठ तीन फोटो. एक काळसर, एक बेताचा, एक लख्ख. तिन्ही एकमेकांवर बसवले की ढगही दिसतात आणि चिखलावरची चमकही. मधे पक्षी उडाला, माणूस हलला, तर प्रोग्रॅम तेवढं पुसून टाकतो.

मागे तिने तिथल्या पक्षीकेंद्रासाठी मोठा फलक केला होता. सोनेरी ओहोटी. चिखल असा, जणू पक्की वाळू.

मूळ फोटोत काठ्या होत्या. वर लाल चिंध्या. म्हणजे, यापुढे पाय टाकू नका, रुताल.

"त्या काठ्या काढ गं," भाऊजी म्हणाले होते. "नवरीच्या दातात पालेभाजी अडकल्यासारख्या दिसतात."

ताईने हसत हसत काढल्या.

पुढे उधाणात खऱ्या काठ्याही वाहून गेल्या. केंद्रावर रखवालदार नवा. त्याने फलकात पाहिलं. तिथे काठ्या नव्हत्या, म्हणून त्याने रोवल्याच नाहीत.

आणि एक म्हातारे पोस्टमन पक्षी बघायला म्हणून सरळ चालत गेले...

सापडली ती फक्त त्यांची छत्री.

ताईने पेपरात वाचलं, रखवालदाराला फोन करून सगळं विचारून घेतलं, आणि गप्प बसली. फलक तसाच राहिला.

त्या दुपारी तिचा मला फोन आला. "असशील तसा ये."

मी गेलो. तिने नवे फोटो उघडले.

पहिला. रिकामा चिखल... आणि लांबवर एक माणूस. वाकलेला.

दुसरा. तोच माणूस, बराच जवळ. हातात मिटलेली छत्री.

तिसरा. अगदी जवळ. गुडघ्यापर्यंत रुतलेला. छत्रीने चिखल चाचपत होता...

तिन्ही फोटो एका श्वासात काढलेले. एवढ्यात कोणी एवढं चालतं का?

"आता बघ." ताईने तिन्ही एकत्र केले.

माणूस गेला. नुसती सोनेरी ओहोटी.

"प्रत्येक फोटोत येतात रे. आणि दर वेळी मीच पुसते."

भाऊजी दारात उभे होते. "कोणी नव्हतं तिथे. मी होतो ना!"

ताईने तिसरा फोटो पुन्हा उघडला. "मग हे कोण, तुमचे मामा?"

भाऊजी पुढे आले आणि स्क्रीनकडे वाकून पाहू लागले.

"काहीतरी शोधतायत," ताई म्हणाली.

"काय?"

"काठ्या."

डोक्यावर पंखा फिरत होता... पण त्याचा आवाज येईना.

"सांगितलं तर काम जाईल," भाऊजी पुटपुटले. "पुन्हा कोणी उभं करणार नाही आपल्याला."

"आणि नाही सांगितलं तर पुन्हा कोणी जाईल."

मला राहवलं नाही. "ताई, कीर्तनात ऐकलंय, देवाची माफी शेवटी मागायची. आधी ज्याचं बिघडवलं त्याच्या दारात जायचं."

"त्यांचं दार कुठे राहिलं आता?"

"ते तर तुला सारखं दाखवतायत."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही तिघं केंद्रावर गेलो. ताईने रखवालदाराला सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. तो बिचारा स्वतःलाच दोष देत बसला होता. ऐकून ढसाढसा रडला. मग त्यानेच फलक उतरवला. चिखल कुठवर पेलतो ते बांबूने चाचपून त्याने जागा दाखवल्या, आणि ताईने तिथे आपल्या हाताने काठ्या रोवल्या.

शेवटची काठी रोवली आणि... पक्षी गप्प झाले.

एकदम. सगळे.

चप्प...

चप्प...

चिखलातून पाय उपसावा तसा आवाज. समोर कोणी नाही. चिखल आरशासारखा सपाट. पण आवाज जवळ येत होता.

शेवटच्या काठीपाशी थांबला.

वारा पडलेला होता. तरी काठीवरची चिंधी हळूहळू आवळली गेली... कोणी मुठीत धरावी तशी.

ताईने हात जोडले. "काका, चुकलं हो माझं."



भरतीचं पाणी पायाला लागेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.

त्यानंतर ताईच्या फोटोंत कोणी दिसलेलं नाही. भाऊजी म्हणतात, सुटले ते. सुटले असतील. देवाजवळ मी रोज तेच मागतो.

पण पावलं आलेली आम्ही सगळ्यांनी ऐकली...

परत गेलेली कोणीच ऐकली नाहीत.