वाटीतला चिंचोका

टण्…

पितळी वाटीत चिंचोका पडला आणि दुपारची सगळी शांतता फुटली. पाळण्यातलं बाळ दचकलं, पुन्हा अंगठा तोंडात घालून निजलं. समोर बसलेली माझी सहा वर्षांची सुगंधा ओठ दाबून हसत होती.

"नाही कळलं," ती म्हणाली. "पुन्हा."

मी पुन्हा उठले, पदर खोचला, दोन बोटांची शिंगं केली आणि दाराशी चढलेला कारल्याचा वेल खाणारी शेळी झाले. "द गोट ईट्स… द गोट ईट्स…" शहाद्याच्या वकिलांची बायको! कुणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं?

पण पाहायला कुणी नसतं. हे कोर्टात असतात. लढाईमुळे रॉकेल मिळत नाही, म्हणून मला जे काही लिहायचं ते अशाच दुपारी, बाळ निजलं की, सुगंधाच्या वहीच्या मागच्या पानांवर. आज लिहायचंय ते या चिंचोक्याविषयी. हा खेळ माझा नाही. मला तो कुणीतरी शिकवला होता…

आठ वर्षं झाली त्याला. सारंगखेड्याला, माझ्या माहेरी.

माझा साखरपुडा दहाव्या वर्षीच झाला होता. नवरदेव पुण्याला वकिली शिकत होते आणि दोनदा नापास झाले होते, त्यामुळे मला एकोणिसावं लागलं तरी लग्न लांबतच होतं. आणि मग त्यांचं पत्र आलं— मुलीला इंग्रजी बोलता आलं पाहिजे, पुढे साहेबलोकांत वावरायचं आहे. माझ्या वडिलांनी, आबांनी, गावातल्या म्हाताऱ्या मास्तरांना बोलावलं. त्यांनी चारशे शब्दांची यादी दिली, "घोका," म्हणाले, आणि काशीयात्रेला निघून गेले.

मार्गशीर्ष होता. अंगणात कापसाचा ढीग पडला होता आणि त्याला टेकून मी घोकत होते. "कॅट म्हणजे मांजर… कॅट म्हणजे मांजर…"

"मांजर समोरच बसलंय की," फाटकातून कुणीतरी म्हणालं. "यादीला काय सांगताय? त्यालाच हाक मारा."

मी दचकून पाहिलं. खाकी कोट— त्याच्या मापापेक्षा चांगला दोन बोटं मोठा. सावळा चेहरा. आणि डोळे असे, की आत्ताच कुठेतरी हसून आलेत आणि पुन्हा हसायला निघालेत.

"कोण तुम्ही?"

"साहेबाच्या तंबूला रोज चार शेर दूध हवंय. तेवढं विचारायला आलो होतो. पण आधी मांजराचं होऊन जाऊ दे. म्हणा— कम हिअर."

"कम… हिअर."

आणि मांजर आलं! ते माझ्या बोलण्यानं आलं की मागून येणाऱ्या फुईच्या, माझ्या आत्याच्या, हातातल्या दुधाच्या भांड्याकडे, देव जाणे. पण मी हसले. तोही हसला.

त्याचं नाव इंद्रसिंग. खापरच्याही पलीकडे, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. तापीवर पूल बांधता येईल का हे पाहायला एक साहेब नदीकाठी तंबू ठोकून राहिला होता, त्याचा हा दुभाष्या. आबांनी मांजराचा प्रकार ओट्यावरून पाहिला होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्यालाच शिकवायला बोलावलं. "साहेबना माणूस शे," ते फुईला म्हणाले, "पण घरमा नको. ओटावर बसू दे." त्याच्यासाठी एक कान तुटलेला कप काढला. तो कप गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा. शिकवणीला राखण म्हणून शांतीफुई, आबांची बहीण, वाती वळत तीन हातांवर बसायची.

"पुस्तक?" पहिल्या दिवशी मी विचारलं.

"महिनाभर पुस्तक नाही. तुम्ही लहानपणी बोलायला लागलात, ते अक्षरं वाचून का?"

"मग तुम्ही कसे शिकलात?"

"आठ वर्षांचा होतो. जंगलखात्याच्या बंगल्यावर पंखा ओढायचो. मडम 'वॉटर' म्हणायची आणि उशीर झाला की ओरडायची. दोन दिवसांत शब्द पाठ."

"मग मला शिकवताना तुम्हीही ओरडणार?"

"नाही… पण तुम्ही माझ्यावर ओरडलात तरी चालेल."

फुईनं वातीवरून मान वर केली. "काय म्हणस तो?"

"धडा देतोय, फुई."

त्याचे नियम भलतेच होते. ओट्यावर बसलं की मराठी बंद. जे बोलायचं ते करत करत बोलायचं— दार उघडताना दार उघडते म्हणायचं, उगाच बसून नाही. कुठल्याही शब्दाचा मराठीत अर्थ मागायचा नाही, लिहायचा तर नाहीच. संध्याकाळी दिवसभराची हकिगत इंग्रजीत कुणाला तरी सांगायची. मी गोठ्यातल्या कपिला गाईला सांगायचे, ती बिचारी हसत नसे. चुका होळीपर्यंत माफ.

आणि चिंचोके. पहिल्याच दिवशी त्यानं मूठभर आणले आणि मधे वाटी ठेवली. काही समजलं नाही तर बोलायचं नाही, लाजायचंही नाही. वाटीत एक चिंचोका टाकायचा. टण् वाजलं की त्यानं तेच वेगळ्या तऱ्हेनं सांगायचं, करून दाखवायचं. कितीही वेळा. हे त्याचं वचन होतं.

काय काय झाला तो माझ्यासाठी! बेडूक झाला, तापीवरची नाव झाला, पावाला लोणी लावणारा साहेब झाला. फुई एकदा वाती टाकून म्हणाली, "हाऊ मास्तर येडा शे का वं? आते बेडूक व्हयना व्हता!" आणि मी इतकी हसले की उचकी लागली. उचकीला इंग्रजीत काय म्हणतात, तेही त्यानं त्याच दिवशी शिकवलं.

दत्तजयंतीला घोड्यांची जत्रा भरली. थंडी, धूळ, घुंगरांचा आवाज… फुईबरोबर मी फिरत होते. एका घोडीपाशी साहेबाची मडम उभी होती, आणि मागे इंद्रसिंग. मडम काहीतरी विचारत होती. त्यानं मला पाहिलं आणि गळ्यावर हात ठेवला.

"माझा घसा बसलाय," तो हळूच म्हणाला. "तुम्ही बोला."

"मी? छे… अहो, नाही!"

मडम माझ्याकडे पाहायला लागली. घोडी लाथा मारते का, एवढंच तिला हवं होतं… आणि ते मला कळलं! कुठलीही यादी मधे न येता कळलं! घोडीच्या पोटाशी शिंगरू ढुशा देत होतं. मी त्याच्याकडे बोट केलं. "नो किक," मी म्हणाले. "गुड मदर."

मडम खळखळून हसली आणि तिनं घोडी घेतली.

"व्याकरण तापीत बुडालं," मागून तो म्हणाला. घसा एकदम मोकळा झाला होता. "पण घोडी विकली गेली, रंजनाबाई."

"खोटारडे!"

"तुमचा आवाज ऐकायचा होता. तिथे. सगळ्यांत."

त्या संध्याकाळी हकिगत सांगायला मी कपिलेकडे गेले. नुसती तिच्या गळ्याला मिठी मारून उभी राहिले.

माघातली एक दुपार. फुईला वाती वळता वळता डुलकी लागली होती. धडा पाण्याचा होता. "आय ड्रिंक वॉटर," मी म्हणाले. त्यानं नुसत्या डोळ्यांनी विचारलं— करून? नियम तोच होता. माठ आत होता, आणि माझ्यापुढे होता तो कान तुटलेला कप. त्याचाच, अर्धा प्यायलेला.

मी कप उचलला. "आय ड्रिंक वॉटर." आणि प्यायले.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यानं फुईकडे पाहिलं… मग माझ्याकडे.

होळी झाली. ऊन चढायला लागलं आणि साहेबाचे तंबू उतरू लागले. होळीच्या दुसऱ्या दिवशी तो आला तो शेवटच्या शिकवणीला. फुई वाती वळत होती. अंगणात आबा बैलांना पेंड चारत होते. वाटी मधे होती.

तो इंग्रजीत बोलला. सावकाश, एकेक शब्द माझ्यासमोर ठेवत. इतकी वर्षं ते वाक्य मी मराठीत आणलं नव्हतं, त्याचा नियम म्हणून. आज पहिल्यांदा आणते:

"परवा पहाटे आम्ही नावेनं पलीकडे जातोय. साहेबानं मला नागपूरकडे नोकरी दिलीय. तुम्ही माझ्याबरोबर याल?"

त्यातला एकही शब्द नवा नव्हता. सगळे त्यानंच शिकवले होते. 'कम' तर मांजराच्या दिवशीचा…

मी आबांकडे पाहिलं. बैलाच्या पाठीवरून फिरणारा त्यांचा हात पाहिला. मला मारलं असतं तर एक वेळ… पण त्याला जिवंत सोडलं नसतं. पाटलाची साखरपुडा झालेली मुलगी आणि कोनाड्यातल्या कपाचा माणूस! हो म्हणवेना. नाही तर त्याहून म्हणवेना. हात आपोआप पुढे झाला.

टण्.

मला वाटलं तो… काय वाटलं कुणास ठाऊक. बेडूक होणारा, नाव होणारा माणूस, त्या दिवशी त्याला काहीच होता येईना. मग त्यानं वाटीतून तो चिंचोका उचलला आणि मुठीत घेतला. ओट्यावरचा स्वतःचाच नियम मोडून तो मराठीत बोलला.

"ठीक आहे, रंजनाबाई. शिकवणी संपली."

"आते इंग्रजी येस का तुले?" फुईनं विचारलं.

"येस, फुई," मी म्हणाले. "समदं येस."

तिसऱ्या दिवशी पहाटे मी घराच्या सपाट धाब्यावर चढून उभी होते. तापीवर धुकं होतं. गाड्यांच्या घुंगरांचा आवाज उताराला लागला, पाण्याशी थांबला. सवयीनं मी पुटपुटले, "द बोट गोज…" पुढचं वाक्य अजून पुरं झालेलं नाही.

वैशाखात लग्न झालं. हे माणूस चांगले आहेत, तक्रार करावी असं काही नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला वर्तमानपत्राच्या चार ओळी वाचायला लावल्या, "छान," म्हणाले आणि वर्तमानपत्र परत घेतलं. तेव्हापासून वर्षातून एकदा प्रांतसाहेब चहाला येतात तेव्हा मी "गुड इव्हनिंग" म्हणते. सगळ्या हिवाळ्याचं इंग्रजी आता त्या दोन शब्दांत मावतं. उरलेलं मी सुगंधाला देतेय; खेळ माझ्या मास्तरांचा, एवढं तिलाही सांगितलंय. यादी नाही, घोकणं नाही. शेळी, बेडूक, नाव…

मनाला एवढंच सांगत आले— मी भ्याले होते. आबांना भ्याले, त्याच्या जिवाला भ्याले. म्हणून त्या दिवशी चिंचोका टाकला.

टण्!

"सुगंधा! ही पाचवी वेळ. शेळी झाली, वेल खाऊन झाला. अजून नाही कळलं?"

ती खुदकन हसली. "पहिल्यांदाच कळलं होतं."

"मग चिंचोका कशाला टाकतेस, बाई?"

"तू पुन्हा करून दाखवावंस म्हणून."

माझी शिंगं कपाळावर तशीच राहिली. सुगंधा उठली, जवळ आली आणि तिनं माझी दोन बोटं हळूच खाली घेतली.

"आई… तूसुद्धा असा टाकला होतास का कधी? मग तुझ्या मास्तरांनी पुन्हा सांगितलं?"