तरवडाचं नाणं

जामबागेच्या फुलबाजारात फुलवालीपुढं तरवडाची एकच जुडी उरली होती, आणि तिच्यावर दोन हात एकदमच पडले. एक प्रणिताचा. दुसरा लांब नाकाच्या, कडक इस्त्रीच्या शर्टातल्या एका पोराचा.

"झेंडूच ना हा?" त्यानं फुलवालीला विचारलं... चारमिनारच्या शहरात, चक्क मराठीत.

प्रणिता अशी हसली की तारेवरची कबुतरं थेट सुलतान बाजारात जाऊन बसली. "तरवड आहे. इथं तंगेडू म्हणतात, बतुकम्मा, सणाची फुलांची उतरंड, याचीच रचतात. सोडा आता."

"तुम्ही रचणार?"

"मी नाण्यावर काढणार."

त्यानं जुडी सोडली... नजर काही सोडली नाही.

पोरगा सारंग, पुण्याचा, इथं कंपनीत लागलेला. कोपऱ्यावर चहा पिता पिता प्रणितानं त्याला सगळं सांगून टाकलं. नाणीप्रेमी मंडळानं राज्याच्या गौरवाच्या नाण्यासाठी नमुने मागवले होते. अध्यक्ष तिचे सख्खे काका, केशवराव. त्यांचं एकच पालुपद – चारमिनार काढ. हिला काढायचा होता माळावर पाण्यावाचून पिवळाधमक फुलणारा तरवड, त्यावरून उडणारा नीलपंख आणि कडेनं पानं. काका म्हणायचे, आपण मराठी माणसं, इथं भाडेकरूसारखं राहावं, लोकांना आवडेल तेच काढावं. हिचे पणजोबा-खापरपणजोबा याच मातीत राबलेले. ही कसली ऐकते!

सारंगच्या ऑफिसात नक्षी कोरायचं मशीन होतं. तिनं चित्र त्याच्या हाती दिलं. पानं काढायला सवड झाली नव्हती, म्हणून कडेला नुसतं लिहिलं – 'इथं सोन्याची पानं'. देताना बोटाला बोट लागलं, आणि तिनं ते काही लगेच मागं घेतलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी काचीगुड्याच्या हॉलमध्ये परातीएवढं प्लास्टरचं नाणं टेबलावर आलं. फूल झकास. पक्षी तर असा की खिडक्या लावून घ्याव्यात, नाहीतर उडून जायचा. आणि कडेनं... आपट्याची पानं.

केशवराव पोट धरून हसले. म्हणाले, हे तर महाराष्ट्राचं नाणं झालं, इथलं सोनं म्हणजे जम्मी, आपली शमी, राज्याचं झाड ते, एवढंही ठाऊक नाही का पोरीला.

सारंग प्लास्टरसारखा पांढरा पडला. तरी उठून उभा राहिला. "चूक माझी आहे. आमच्याकडं सोनं म्हणजे आपटाच. मला वाटलं... सगळीकडंच."

प्रणिताचा राग नाकाच्या शेंड्यापर्यंत आला आणि तिथंच विरघळला. सगळा हॉल बसलेला, आणि तिच्यासाठी हा एकटा उभा. तिनं पर्समधून कोरणी काढली, आपटा खरवडला आणि सगळ्यांदेखत शमीची बारीक बारीक पानं कोरली.

"आता वर चारमिनार टाक," काका गोडीनं म्हणाले, "पहिला नंबर तुझाच."

"नक्को काका. चारमिनार बिस्किटाच्या डब्यावर पण आहे. हे नाणं असंच राहील. भाड्यानं तुम्ही राहा. मी माझ्या घरात राहते."

काकांनी नमुना बाद केला. तिनं नाणं काखेत मारलं आणि चालू पडली. मागं मागं सारंग.

जामबागेत फुलवालीनं ते बघितलं, "तंगेडू," म्हणाली, आणि झेंडूच्या ढिगावर सगळ्यांना दिसेल असं मांडलं. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया थांबून त्यावरनं बोट फिरवायला लागल्या. सारंगनं जम्मीची डहाळी घेतली, काटे टोचवून घेत पानं खुडली आणि प्रणिताच्या तळव्यावर ठेवली.

"सोनं घ्या..." तो म्हणाला. "आणि जमलंच तर... मला पण घ्या."

"पान देऊन हात मागं घेतोस? इथं सोनं दिलं की अलाय-बलाय करतात."

"ते काय असतं?"

नेमकी तेव्हाच केशवरावांची स्कूटर समोर येऊन थांबली. प्रणितानं काकांच्या डोळ्यांत चांगलं डोळे घालून बघितलं... आणि भर बाजारात सारंगला मिठी मारली.

"हे असतं," ती म्हणाली. मग त्याच्या खांद्यावरून हात पुढं केला, शमीच्या पानांनी भरलेला. "या काका. सण आहे. तुमची अलाय-बलाय राहिलीय."