शिलाणूंची सभा

डॉ. हेमांगी कुडतरकरने दुपारी समुद्रतळाच्या वाळूचा नमुना दुसऱ्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पहिल्यांदा दिसले तेच पुन्हा दिसले.

प्रयोगशाळेच्या खिडकीतून मिरेला कालव्याचा नांगरतळ दिसत होता. उघड्या समुद्रात साठेक शिडनौका खेटून उभ्या होत्या. शिडाच्या नौकेत संसार मांडून जगभर फिरणाऱ्या या लोकांना मोठ्या कालव्यांचे दर परवडत नाहीत. मिरेलाच्या मंडळाने त्यांची सोय केली होती. तळावरचा मुक्काम जवळजवळ फुकट, आणि पलीकडे जायचे तर तीन-तीन नौका एकमेकींना बांधून मालवाहू जहाजामागे जलपाशात घ्यायच्या. जलपाश म्हणजे दोन्हीकडे दारे असलेला, पाणी भरून नौका वर चढवणारा हौद. तिथे दोर धरायला माणसे लागतात, ती शेजारच्या नौकांवरची येत. आज मी तुझा दोर धरतो, उद्या तू माझा. गरिबांचा कारभार जगभर असाच चालतो. आज पहाटेही तीन नौका अशाच गेल्या होत्या.

मुक्काम फुकट करता आला तो हेमांगीच्या शिलाणूंमुळे. तिने घडवलेले हे जीवाणू नांगराभोवतीच्या वाळूचा दगड करत. कसल्याही वादळात नौका जागची हलत नसे. फुकटे लोक पसार होऊ नयेत म्हणून मंडळाने नांगराच्या दोराचे कुलूप थेट नौकेच्या कण्यात बसवले होते; किल्ली पलीकडे पोचल्यावरच मिळे. तो दोर करवतीलाही दाद देत नसे. शिडवाले त्याला वेसण म्हणत. हेमांगीला हे पटले नव्हते, पण ती गप्प बसली होती, आणि त्याची टोचणी तिला अधूनमधून लागत असे.

तिने नांगरतळाचे अधिकारी कॅप्टन टिपणीस यांना बोलावले. नौदलातून निवृत्त झालेला हा अलिबागचा माणूस शास्त्रज्ञांशी बोलताना आधीच कपाळाला आठ्या घालून बसे.

"सोपं करून सांगा, बाई," ते म्हणाले.

"शिलाणू एकेकटे काही ठरवत नाहीत. गावसभेसारखं असतं त्यांचं. गणपूर्ती झाली तरच ठराव. नौका सोडायची असली की आपण तिच्या नांगरापाशी विमोचक नावाचं रसायन सोडतो. तो म्हणजे 'सोडा' असा निरोप. जवळच्यांनी तो ऐकला की तेही तोच निरोप पुढे देतात, आणि दगडाची पुन्हा वाळू होते. दोन नांगरांमध्ये मोकळी वाळू असेल तर निरोप तिथेच विरतो. पण आपण नौका इतक्या दाटीनं उभ्या केल्या, की सगळ्या वस्त्या जुळून एकच गाव झालंय."

"म्हणजे एकाला सोडलं तर?"

"सगळे सुटतात. शेजारचे तासाभरात, टोकाचे अर्ध्या दिवसात. वरून वाळू तशीच दिसते. जोराची ओढ बसेपर्यंत कळतसुद्धा नाही."

टिपणीसांनी खिडकीबाहेर पाहिले. वारा पडला होता. नुसती लांब लाट येत होती आणि सगळ्या वेसणी सैल होत्या. वादळ रात्री येणार होते आणि तळाच्या मागे किनारा होता तो सगळा खडकाचा.

"मग आज कुणालाही सोडायचं नाही," ते म्हणाले. "धरून राहिले तर जगतील."

हेमांगीने होकारार्थी मान डोलावली. तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"ताई गो, अच्युत बोलतंय. शर्वाणीचा रगात थांबना नाय. माका सोडव."

तिचा धाकटा भाऊ. स्वस्तात पलीकडे जाता येते म्हणून तिनेच त्याला इकडे बोलावून घेतले होते. त्याच्या बायकोला सातवा महिना होता. रुग्णालय कालव्याच्या पलीकडे, आणि वादळासाठी दारे दिवेलागणीला बंद होणार होती.

"पायलटची लाँच?" हेमांगीने टिपणीसांना विचारले.

"जहाजांना बाहेर न्यायला गेलीय. ती परत येईतो दारं बंद होतील."

"रबरी होडी?"

"त्या अवस्थेत बाईला तीन मैल लाटांतून न्यायचं? वाटेतच जाईल ती." टिपणीस थांबले. "भाऊ तुमचा आहे. मी तोंड फिरवून उभा राहतो. काय करायचं ते करा."

हेमांगीने विमोचकाच्या कळीवर बोट ठेवले. दुर्बिणीतून दिसत होते, अच्युतच्या नौकेवर शेजारच्या दोन बायका दोर घेऊन तयार उभ्या होत्या. त्या बायकांची पोरे, नवरे त्यांच्या त्यांच्या नौकांवर होते. तिने बोट काढून घेतले. तिला रडू फुटले, आणि रडतच तिने भावाला सगळे सांगितले.

तिकडून शर्वाणीचे कण्हणे ऐकू आले.

"इंजान लावून ओढून बघू?" अच्युतने विचारले.

"नको रे बाबा! नांगर दगडात आसा. ओढलंस तर बोटीचो कणो फाटतलो. सगळी बुडतलात."

"बरा," तो म्हणाला. लहानपणापासून तो तिचे ऐकत आला होता.

दिवेलागणीला दारे बंद झाली आणि वारा सुटला. टिपणीस दुर्बीण लावून उभे होते.

"बाई, तुमच्या भावाची नौका हलतेय."

"वेसण ताणली गेली असेल."

"नाही. सरकतेय. तिच्या शेजारचीही. आता मागच्या चार..." त्यांनी दुर्बीण खाली घेतली. "सोडलंत की काय?"

"नाही हो! मी हातसुद्धा लावला नाही!"

आणि मग तिला पहाटेच्या त्या तीन नौका आठवल्या. अच्युतच्या लगतच्याच होत्या. त्यांना सोडताना विमोचक दिला होता. वस्त्या काही आज दुपारी जुळल्या नव्हत्या. तिला फक्त आज दुपारी दिसल्या. कुणाला सोडायचे नाही याचा विचार करताना आधी कुणाला सोडले आहे, हे एवढे शिकलेल्या बाईला सुचले नव्हते. निरोप दिवसभर तळातून फिरत होता. अच्युत रेडिओवर बोलला तेव्हाच त्याचा नांगर नुसत्या वाळूत होता. इंजिन लावले असते तर नौका अलगद निघाली असती आणि उजेड असतानाच दारातून आत आली असती. तिनेच त्याला नको म्हटले होते.

"दारं उघडा!" ती ओरडली.

"खिळी बसल्यात, बाई. वादळ ओसरेपर्यंत आता नाही."

रेडिओ पुन्हा खरखरला. वाऱ्याच्या घोंगावण्यातून अच्युतचा आवाज आला. तो हसत होता.

"ताई! सुटली गो बोट! माका म्हायत होता, तू सोडतलंस. शर्वाणी अजून बोलता हा. दार उघडा ठेव, आमी येतंव. तूच सोडलंस ना गो?"

खिडकीबाहेर सगळ्या नौकांचे दिवे खडकाकडे सरकत होते.

"होय रे बाबा," हेमांगी म्हणाली. "मीच सोडलंय."