पाण्यावरचा तुकडा

रायपूरला पंडरी बाजाराच्या मागच्या रस्त्यावरच्या एका लॅबमध्ये मी बावीस वर्षं माणसाचं मांस कापलं. दचकू नका, डॉक्टरांसाठीच. कोणाची गाठ, कोणाची जखम, नखाएवढा तुकडा यायचा. तो मेणाच्या वडीत बसवायचा, पात्यावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा, कोमट पाण्यावर सोडायचा आणि काचेवर अलगद उचलायचा. मग विजया मॅडम मायक्रोस्कोपखाली पाहून सांगायच्या, साधं आहे की कॅन्सर. प्रत्येक पेशंटनंतर पाणी कागदाने पुसायचं, हा आमचा नेम. एकाचा कण राहिला तर तो दुसऱ्याच्या काचेवर चढतो.

रायपूर राजधानी झालं, दवाखाने वाढले आणि माझ्या मदतीला राधिका आली. पुरानी बस्तीतली तेवीस वर्षांची पोरगी. तिच्या कापणीला सुरकुती म्हणून पडायची नाही. महिन्याभरात मॅडम म्हणाल्या, "शालिग्राम, अवघड केस राधिकालेच देत जा." तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं.

मे महिन्यातली दुपार होती. कूलर घरघरत होता, वितळत्या मेणाचा वास कोंडला होता. राधिका डबा खायला गेली. मी कपाटातून एका मेलेल्या बाईची वडी काढली, गर्भाशयाच्या कॅन्सरची. काप घेतला, सुईने कण तोडला आणि राधिकाच्या पाण्यात सोडला. तिच्याकडे कोणाच्या तरी जिभेच्या जखमेची केस होती. जिभेवर गर्भाशय दिसलं की मॅडम लगेच ओळखतील, पेशंटचं बिघडणार नाही, फक्त राधिकाला बोलणी बसतील. इतका विचार करणाऱ्या स्वतःला मी भला माणूसच समजत होतो.

तसंच झालं. "काहून गं, पाणी पुसलं नाही का? पुन्हा असं झालं तर घरी बसावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

राधिका माझ्याकडे आली. "काका, मी पुसलं होतं जी... तुम्ही इथंच होते न?"

"मी माझ्या कामात होतो. मले काय मालूम?"

दुसऱ्या दिवसापासून तो कण माझ्या काचांवर यायला लागला. चिंचोक्याच्या आकाराचा, एका टोकाला फाटलेला. मी पाणी बदललं, भांडं बदललं, ब्रश फेकून दिला. तरी तो कोपऱ्यात असायचाच, आणि रोज पेशंटच्या मांसाच्या जरा जवळ सरकलेला. मॅडमनी पाहण्याआधी मी काचा फोडायचो आणि नव्याने कापायचो. मग एक दिवस तो आला नाही. त्याच दुपारी जेवताना माझ्या जिभेच्या कडेला काहीतरी टोचलं.

दोन महिन्यांत तिथे जखम झाली. डॉक्टरांनी तुकडा काढला, तो आमच्याच लॅबमध्ये आला आणि राधिकाने कापायला घेतला. माझ्यासमोर तिने तीनदा पाणी पुसलं. मग तो पापुद्रा पाण्यावर उलगडला, इतका सुरेख की तो माझ्याच मांसाचा असतानाही मला तिचा हेवा वाटला.

मॅडमनी काच मायक्रोस्कोपखाली पुन्हा पुन्हा सरकवून पाहिली.

"हे पाण्यातून वर चढलेलं नाही..." त्या हळूच म्हणाल्या. "जिभेच्या मांसात रुतलंय. अन् पेशी गर्भाशयाच्या... पुरुषाच्या जिभेत? राधिका, दोन पेशंटचं मांस एकाच वडीत बसवलं तू."

"नाही मॅडम... काका, तुम्ही सांगा न..."

एक शब्द बोललो असतो तर पोरीचं काम वाचलं असतं. मला बोलता येत होतं. मी बोललो नाही. तिने डबा पिशवीत टाकला आणि ती उन्हात निघून गेली.

डॉक्टरांनी पुन्हा तुकडा काढला, मॅडमनी तो स्वतः कापला. तेच दिसलं. उद्या माझी अर्धी जीभ काढणार आहेत, म्हणून बोलता येतंय तोवर तुम्हाला सांगून टाकतो. अवघड केस आहे म्हणून मॅडमनी राधिकाला परत बोलावलंय. ते ऐकूनही माझ्या पोटात दुखलंच.

काल त्या बाईची वडी जाळून टाकावी म्हणून कपाटातून काढली. मेण अखंड होतं, वरचा नंबरही तोच. मांस होतं तिथे मात्र रिकामी पोकळी होती. मी बोट घातलं. आत ओलं होतं, आणि कोमट.